जमिनीखालची कीर्द-खतावणी
बोअरमधील लहरींच्या मूळ नोंदी मालकाच्या ताब्यात असणे का आवश्यक आहे?

ताळेबंद कितीही नीटनेटका असला तरी हिशेब तपासणारा माणूस आधी कीर्द मागतो आणि मग बिले मागतो. बिलेच नसतील तर ताळेबंदातल्या आकड्यांना किंमत राहत नाही, हे कोणत्याही दुकानदाराला समजावून सांगावे लागत नाही. परंतु हाच दुकानदार गोदामासाठी, भातगिरणीसाठी किंवा मंगल कार्यालयासाठी जमिनीची तपासणी करवून घेतो तेव्हा मात्र बांधीव अहवाल हातात पडला की समाधान मानतो. ज्या मूळ नोंदींवरून तो अहवाल तयार झाला त्या तपासणी करणाऱ्याच्या संगणकातच राहतात. पुढे संगणक बदलतो, काम करणारा मुलगा दुसरीकडे नोकरीला जातो आणि आपण पैसे मोजून विकत घेतलेली वस्तू कायमची नाहीशी होते.

बोअरमध्ये यंत्र सोडून जमिनीतल्या लहरींची जी मोजणी होते, तिच्या बाबतीत हे नुकसान सर्वांत मोठे असते. म्हणून या नोंदी काय असतात, सॉफ्टवेअरमध्ये त्या कशा ठेवाव्यात आणि मालकाने काय मागून घ्यावे, याचा विचार आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी केला पाहिजे.

चंद्रपूर-गडचिरोलीचा प्रश्न

२६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे आमराई वॉर्डातील एक राहते घर जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून जीवितहानी टळली. हा भाग जुन्या भूमिगत कोळसा खाणीवर वसलेला आहे. शेजारच्या कुटुंबांनाही आपापली घरे सोडावी लागली. ज्यांनी आयुष्यभराच्या कमाईतून भिंती उभ्या केल्या, त्यांना पायाखाली काय आहे याची बिनचूक माहिती कोणी दिलेली नव्हती.

वरोरा, घुग्घुस, बल्लारपूर, चंद्रपूर या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकापासून कोळसा निघत आहे. भूमिगत खाणीत कोळशाचे खांब ठेवून मधला कोळसा काढतात. पुढे काही ठिकाणी ते खांबही काढले जातात. खाण बंद झाली की पोकळीत पाणी भरते आणि वरच्या माणसाला काहीच दिसत नाही. १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण होण्यापूर्वी या खाणी खासगी मालकांकडे होत्या. खाण एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा तिचे नकाशेही हात बदलतात आणि जुना नकाशा जमिनीवर नेमका कोठे बसवायचा हा वादाचा विषय होतो. अशा वेळी नकाशा खरा की खोटा, हे बोअर घेऊन आणि लहरी मोजूनच ठरवता येते.

गडचिरोलीची गोष्ट वेगळी असली तरी धडा तोच आहे. सिरोंचा तालुक्याला लागून गोदावरीवर मेडिगड्डा बंधारा आहे. त्याचे उद्घाटन जून २०१९ मध्ये झाले आणि २१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच्या सातव्या ब्लॉकमधील खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने नियोजन, आराखडा, गुणवत्ता नियंत्रण आणि देखभाल या सर्वच बाबतींत त्रुटी असल्याचे म्हटले. मागितलेली सर्व माहिती मिळाली नाही, असेही तिने नमूद केले. तेलंगणाच्या पाटबंधारे खात्याला हे निष्कर्ष मान्य नव्हते. पुढे पायाखालच्या तपासण्यांसाठी पुण्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था आणि दिल्लीचे केंद्रीय मृदा व सामग्री संशोधन केंद्र यांची नावे सुचवण्यात आली. खचल्यानंतर होणाऱ्या तपासणीत पूर्वीची जमीन पाहायला मिळत नाही. पूर्वीची जमीन जर कोठे शिल्लक असेल तर ती बांधकामाआधीच्या मूळ नोंदींमध्येच असते.

तिसरी गोष्ट भूकंपाची. ४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी तेलंगणाच्या मुलुगू भागात ५.३ तीव्रतेचा धक्का बसला. तो गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूरपर्यंत जाणवला. त्याच गोदावरी खोऱ्यात १३ एप्रिल १९६९ रोजी भद्राचलमजवळ ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला होता. आपला भाग किल्लारी किंवा कोयनेसारखा नसेल, पण जमीन हलतच नाही असे कोणी समजू नये.

बोअरमध्ये काय मोजतात?

साध्या बोअरमधून मातीचे व खडकाचे नमुने मिळतात. नमुना बोअरच्या जागेचाच असतो. दोन बोअरच्या मधल्या जमिनीबद्दल तो काही सांगत नाही. लहरींची तपासणी ही उणीव भरून काढते.

पहिल्या पद्धतीत एकच बोअर असतो. बोअरच्या तोंडापासून थोड्या अंतरावर एक जाड फळी ठेवून तिच्यावर वजन ठेवतात. फळीच्या एका टोकावर घण मारतात, नंतर दुसऱ्या टोकावर मारतात. बोअरच्या आत जिओफोन नावाचे यंत्र भिंतीला घट्ट बसवलेले असते. ते तीन दिशांची हालचाल नोंदवते. मग यंत्र मीटर-दोन मीटर सरकवून पुन्हा ठोके दिले जातात. दुसऱ्या पद्धतीत दोन किंवा तीन बोअर असतात. एका बोअरमध्ये ठोका देतात आणि शेजारच्या बोअरमध्ये त्याच खोलीवर तो ऐकतात. भारतीय मानक संस्थेने खडकातील या दोन्ही पद्धतींसाठी १९९२ मध्ये मानक क्रमांक १३३७२ चे दोन भाग काढले. पहिला भाग एका बोअरमधील तपासणीचा आणि दुसरा दोन बोअरमधील तपासणीचा आहे.

ठोक्यातून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली लहर ढकलत पुढे जाते आणि ती वेगवान असते. दुसरी लहर आपण थान उलगडून झटकतो तेव्हा कापडातून जशी लाट जाते तशी आडवी हलत जाते आणि तिचा वेग कमी असतो. पहिली लहर पाण्यातूनही जाते, सेकंदाला सुमारे १५०० मीटर या वेगाने. म्हणून भुसभुशीत जमीन पाण्याने भिजलेली असेल तर पहिल्या लहरीचा आकडा चांगला दिसतो आणि फसगत होते. दुसरी लहर पाण्यातून जातच नाही. जमिनीची खरी ताठरता तीच सांगते. पाण्याने भरलेली जुनी पोकळी मध्ये आली तर दुसऱ्या लहरीला वळसा घालून जावे लागते. ती उशिरा पोचते आणि क्षीण होऊन पोचते. दोन बोअरच्या मधली पोकळी ओळखण्याचा हा एक मार्ग आहे.

फळीच्या डाव्या आणि उजव्या ठोक्यांच्या नोंदी एकमेकींवर ठेवल्या की दुसरी लहर आली तेथून दोन्ही रेषा उलट दिशांना फाकतात. त्या जागेवर खूण करून वेळ वाचली जाते. ही खूण माणूस करतो, किंवा सॉफ्टवेअरने केलेली खूण माणूस मंजूर करतो. संपूर्ण अहवाल या खुणेवर उभा असतो.

कीर्द, खतावणी आणि ताळेबंद

यंत्राने नोंदवलेला मूळ सिग्नल ही कीर्द समजावी. सिग्नलवर केलेल्या खुणा, गाळणी लावून साफ केलेल्या रेषा आणि वेळांचा तक्ता ही खतावणी होय. छापील अहवालातील वेगाचा आलेख हा ताळेबंद. आपल्याकडे मालकाला बहुधा ताळेबंदच मिळतो.

एक उदाहरण घ्या. दोन बोअरमधील अंतर ३ मीटर आहे आणि लहर १२ मिलिसेकंदांत पोचली. वेग झाला सेकंदाला २५० मीटर. खूण फक्त एक मिलिसेकंद पुढे सरकली तर वेग सुमारे २३१ होतो. मूळ सिग्नल हाती असेल तर दुसरा जाणकार खूण पुन्हा तपासू शकतो. तो नसेल तर पहिल्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नाही.

यापेक्षा मोठी चूक बोअरच्या कलण्यामुळे होते. ३० मीटर खोलीचे दोन बोअर एकमेकांकडे फक्त एक-एक अंश कलले तर तळाशी प्रत्येकी सुमारे ५२ सेंटिमीटर फरक पडतो. वर ३ मीटर असलेले अंतर खाली १.९५ मीटर उरते. लहर ६.५ मिलिसेकंदांत आली तर ३ मीटर धरून वेग निघेल ४६१ मीटर. प्रत्यक्षात तो आहे ३००. म्हणजे मऊ जमीन कागदावर टणक ठरली! म्हणून बोअर किती कलला याची मोजणी सिग्नलइतकीच महत्त्वाची आहे आणि ती सिग्नलसोबतच ठेवली पाहिजे.

याशिवाय काही चुका साध्या दिसतात, पण महाग पडतात. खोली जमिनीच्या पातळीपासून मोजली की वर आलेल्या केसिंगच्या तोंडापासून? केसिंग अर्धा मीटर वर असेल तर सगळ्या खोल्या अर्ध्या मीटरने सरकतात. माप फुटात आहे की मीटरमध्ये? आपल्याकडे बोअर मारणारे फुटात बोलतात आणि सॉफ्टवेअर मीटर मागते. १०० फूट म्हणजे ३०.४८ मीटर. गज आणि मीटर यांच्या गोंधळात कापडाचा हिशेब कसा बिघडतो हे आपण जाणतोच. १०० गज लिहिलेले थान मीटरने मोजले तर ९१.४४ भरते.

कोळशाचे ट्रक धावणाऱ्या रस्त्याजवळ गोंगाट खूप असतो. तेव्हा एकाच खोलीवर अनेक ठोके देऊन त्यांची बेरीज करतात. नऊ ठोक्यांच्या बेरजेत गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल साधारण तिप्पट स्पष्ट होतो. ही पद्धत योग्यच आहे. पण फक्त बेरीज जपून सुटे ठोके पुसून टाकले तर त्यातला एखादा खराब ठोका पुढे वेगळा काढता येत नाही. सुट्या पावत्या फाडून एकूण रक्कम लिहिल्यासारखेच हे झाले.

सॉफ्टवेअरमध्ये शिस्त कशी असावी?

भूतांत्रिक सॉफ्टवेअरमध्ये सामान्यतः बोअरचा तक्ता असतो. किती खोलीवर माती, किती खोलीवर मुरूम, कोठे वालुकाश्म, कोठे पाणी, हे त्यात भरतात. सिग्नलची फाइल वेगळ्या प्रकारची असते. तिच्यात हजारो आकड्यांची रांग असते. पुष्कळदा तक्ता एका सॉफ्टवेअरमध्ये, सिग्नल दुसऱ्यात आणि शेतावरच्या नोंदी वहीत राहतात. तिघांना जोडणारा धागा म्हणजे बोअरचा क्रमांक आणि खोली. तो धागा तुटला की आरमोरी-नागभीडच्या कोशाची लड गुंतावी तशी अवस्था होते. धागा आहे, पण सुरुवात सापडत नाही.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक फाइलच्या नावातच बोअर क्रमांक, खोली, ठोक्याची दिशा आणि तारीख असावी. उदाहरणार्थ, ‘बोअर ३, १२ मीटर, डावा ठोका’. मूळ फाइलला कोणीही हात लावू नये. गाळणी लावायची असेल तर तिची नक्कल करून त्या नकलेवर लावावी आणि कोणती गाळणी लावली ते लिहून ठेवावे. मूळ फाइलीचा ‘चेकसम’ नावाचा आकडा संगणक काढून देतो. फाइलीत एक अक्षर जरी बदलले तरी हा आकडा बदलतो. तो छापील अहवालात नमूद केला म्हणजे मूळ नोंदीवर मोहोर बसली.

फाइल कोणत्या रूपात आहे यालाही महत्त्व आहे. कंपनीच्या खास रूपातील फाइल त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येच उघडते. सॉफ्टवेअर बंद पडले की फाइल मुकी होते. फ्लॉपीवर ठेवलेले हिशेब आज कोठे उघडतात? यासाठी जगभर काही खुली रूपे ठरलेली आहेत. उथळ तपासणीच्या सिग्नलसाठी १९९० मध्ये ‘एस. ई. जी.-२’ हे रूप ठरले. बोअरच्या तक्त्यांसाठी ब्रिटनमधील व्यावसायिकांच्या संघटनेने १९९२ मध्ये ‘ए. जी. एस.’ हे रूप काढले. ते साध्या मजकुराच्या फाइलीत असल्यामुळे कोणत्याही संगणकावर वाचता येते.

‘एवढ्या फायली कोठे ठेवायच्या?’ असे तपासणीवाले म्हणतात. हिशेब करून पाहू. एका ठोक्याची नोंद ०.२ सेकंदाची आणि सेकंदाला १०,००० मोजण्या धरल्या तर एका दिशेच्या २००० मोजण्या होतात. तीन दिशा आणि प्रत्येक मोजणीला ४ बाइट धरल्यास २४,००० बाइट. ३० खोल्यांवर डावा, उजवा आणि उभा असे तीन ठोके म्हणजे ९० नोंदी. एकूण झाले सुमारे २२ लाख बाइट. ३० मीटरचा संपूर्ण बोअर मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राएवढ्या जागेत बसतो. सुटे ठोके धरून तो दहापट झाला तरी अडचण जागेची नाही, सवयीची आहे.

इतरत्र काय झाले?

महाराष्ट्रात बोअरमधील नोंदींचे मोल सर्वांत आधी भूकंपांनी शिकवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तेथे ६१७ मीटर खोल बोअर घेण्यात आला. काळ्या दगडाच्या थराखाली काय आहे ते त्यामुळे प्रत्यक्ष कळले. कोयना भागात, जेथे ११ डिसेंबर १९६७ रोजी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, तेथे गोठणे येथे २०१७ मध्ये सुमारे ३ किलोमीटर खोल बोअर पूर्ण झाला. हे काम पाहणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा कराडजवळ आहे. त्या भागातील काही खोल बोअरमध्ये भूकंपमापक बसवून जमिनीचा आवाज वरच्या गोंगाटापासून दूर ऐकण्यात आला. तेथे प्रत्येक नोंदीला अचूक वेळ, जागा आणि खोली जोडलेली असते. ती नसेल तर नोंद म्हणजे निनावी हुंडी.

ब्रिटनमध्ये १८७२ च्या कायद्याने सोडून दिलेल्या कोळसा खाणींचे नकाशे सरकारकडे जमा करणे बंधनकारक झाले. तेथे आजही कोळसा पट्ट्यात घर घेणारा माणूस फी भरून त्या जागेखालच्या खाणींचा अहवाल मागवतो. आपल्याकडेही खाण सोडताना नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावा लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने खनिज संशोधनाच्या माहितीसाठी राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार सुरू केले. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण आपल्या गोदामाखालची तपासणी तेथे आपोआप जात नाही. ती सांभाळण्याची जबाबदारी मालकाचीच राहते.

काम देताना काय लिहून घ्यावे?

येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्रत्येक घराला किंवा दुकानाला लहरींची तपासणी लागत नाही. साध्या बांधकामाला नेहमीचा बोअर आणि ठोक्यांची प्रमाणित चाचणी पुरते. मात्र जागा जुन्या खाणीच्या पट्ट्यात असेल, इमारत मोठी असेल किंवा सतत हादरे देणारी यंत्रे बसवायची असतील, तर अभियंत्याला या तपासणीबद्दल जरूर विचारावे. खाणपट्ट्यातील जागेबाबत आधी जुने नकाशे पाहावेत. मार्गदर्शनासाठी नागपूर जवळ आहे. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा खाण अभियांत्रिकी विभाग, केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेचे केंद्र आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय तेथे आहे.

तपासणीचे काम देताना पुढील गोष्टी करारात नोंदवून घ्याव्यात.

१. प्रत्येक ठोक्याची मूळ, न बदललेली फाइल खुल्या रूपात मालकाला मिळेल.

२. शेतावरच्या वहीची प्रत मिळेल. तिच्यात बोअरची जागा, जमिनीची पातळी, केसिंगची उंची, फळीचे अंतर, जिओफोनची खोली आणि मापाचे एकक असेल.

३. दोन किंवा अधिक बोअरची तपासणी असल्यास बोअरच्या कलाची मोजणी मिळेल.

४. लहर पोचल्याच्या खुणांचा तक्ता, लावलेल्या गाळण्यांची नोंद आणि खूण करणाऱ्याचे नाव मिळेल.

५. बोअरचा तक्ता आणि काढलेल्या गाभ्याची छायाचित्रे मिळतील.

६. या सर्व फायली दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवल्यानंतरच शेवटचा हप्ता दिला जाईल.

सहावी अट सर्वांत उपयोगाची आहे. माल ताब्यात घेताना गाठ सोडून पाहतो तसाच हा प्रकार आहे. नंतर फायलींच्या दोन नकला कराव्यात. एक दुकानात खरेदीखताबरोबर ठेवावी आणि दुसरी वेगळ्या गावी, विश्वासू नातेवाइकाकडे ठेवावी. जागा विकताना त्या नवीन मालकाच्या स्वाधीन कराव्यात. ती त्याची अमानत आहे.

आपल्या मुलांसाठीही यात काम आहे. विज्ञान शाखेचा, संगणक जाणणारा आणि बारकाईने नोंद ठेवणारा तरुण बोअरवर उभा राहून ही वही लिहू शकतो, फायली लावू शकतो आणि तक्ते भरू शकतो. ज्यांच्या घरात तीन पिढ्या हिशेबाच्या वह्या लिहिल्या गेल्या, त्यांना ही शिस्त नवीन नाही.

घुग्घुसच्या त्या घराखाली पोकळी एका दिवसात झाली नव्हती. अशा पोकळीची नोंद कोणीतरी, कधीतरी केलेली असते. ती घर बांधणाऱ्यापर्यंत पोचली पाहिजे. पुढच्या पिढीने आपल्या जागेवर पाया खोदायला घेतला तर तिला अंदाजावर अवलंबून राहावे लागू नये, एवढी व्यवस्था आपण आजच्या खर्चात आणि आजच्या करारात सहज करू शकतो.